सातपाटीच्या इंजिनांचे हेड: पालघर किनाऱ्यावरील अश्वशक्तीचा इतिहास

पालघर जिल्ह्यातील मासेमारीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सहसा होडीची बांधणी, जाळ्यांचे प्रकार आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्था या तीन विषयांकडे जाते, आणि ते योग्यही आहे. कारण एडवण, केळवे, सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, उच्छेळी, घिवली, वरोर, धाकटी डहाणू आणि झाई या गावांनी गेल्या शतकात जे उभे केले ते प्रामुख्याने याच आधारांवर. मात्र होडीच्या पोटात बसवलेले इंजिन या इतिहासात ‘यांत्रिकीकरण’ या एका शब्दापुरतेच येते, जणू शीड उतरले, यंत्र चढले आणि सारे आटोपले. प्रत्यक्षात या किनाऱ्यावर इंजिनाची शक्ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली, प्रत्येक टप्प्यावर त्या वाढीचा पहिला आघात सिलिंडर हेडवर आणि त्यातील व्हॉल्व्ह स्प्रिंगवर झाला, आणि तो आघात सोसेल असे हेड तयार करण्याचे ज्ञान किनाऱ्यालगतच्या कार्यशाळांत हळूहळू साठत गेले. त्या ज्ञानाचा मागोवा घेतल्यावाचून सातपाटीच्या होडीचा इतिहास अपुराच राहतो.

पालघर स्थानकाच्या पश्चिमेस खाडीच्या मुखाशी वसलेले सातपाटी हे पापलेटसाठी जितके प्रसिद्ध, तितकेच होड्या बांधणाऱ्या कारागिरांसाठीही. मत्स्यशास्त्रीय लेखनात ‘सातपाटी पद्धतीची होडी’ असा स्वतंत्र प्रकार नोंदला जातो, आणि टोकदार नाळ, सरळ कणा, रुंद पोट व उंच काठ ही तिची लक्षणे सांगितली जातात. भरती-ओहोटीतील मोठा फरक, खाडीच्या तोंडाशी साचणारा गाळ आणि खुल्या समुद्रातील लाटा या तिन्हींना तोंड देण्यासाठी पिढ्यान् पिढ्या घडत गेलेली ही सागवानी बांधणी शिडाच्या काळातही मोठा भार पेलत असे. यंत्र आले तेव्हा हीच गोष्ट निर्णायक ठरली. १९५२ साली झालेल्या भारत-नॉर्वे करारातून केरळच्या किनाऱ्यावर जो प्रकल्प उभा राहिला, त्याला यंत्रासाठी नव्या घाटाच्या नौका तयार कराव्या लागल्या, कारण तिथल्या लाटा फोडून जाणाऱ्या हलक्या, कोरीव वा शिवलेल्या होड्यांत इंजिनाचे वजन आणि कंप सामावणे अवघड होते. याउलट मुंबई इलाख्याच्या उत्तर किनाऱ्यावर जुनी होडी तशीच ठेवून तिच्या मागील भागात इंजिनाची बैठक घालणे, कण्यातून दांडा काढणे आणि सुकाणूच्या पुढे पंखा बसवणे एवढ्यावर काम भागले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९५० च्या दशकात भारतात पाठवलेले नौकारचनाकार पॉल झीनर यांनी देशाच्या निरनिराळ्या किनाऱ्यांसाठी लहान यांत्रिक नौकांचे आराखडे केले, त्या काळात हा फरक तज्ज्ञांनाही स्पष्ट दिसत होता. यंत्रयुगाचे स्वागत करण्यास येथील सुतार आधीपासूनच सिद्ध होता. सिद्ध व्हायचे राहिले होते ते यंत्र दुरुस्त करणारे हात.

सुरुवातीची इंजिने परदेशातून, बहुतांश युरोपातून आयात केलेली, मंद गतीची आणि थोड्या अश्वशक्तीची होती. त्यांचे काम समजण्यासाठी हेड म्हणजे काय ते आधी पाहावे लागते. डिझेल इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याच्या डोक्यावर ओतीव लोखंडाचे जाड झाकण घट्ट आवळलेले असते, तेच सिलिंडर हेड. हवा आत घेण्याचा मार्ग, जळलेला धूर बाहेर टाकण्याचा मार्ग, ते दोन्ही उघडझाप करणारे व्हॉल्व्ह, इंधनाचा फवारा सोडणारे नोझल आणि या साऱ्यांभोवती फिरणारे थंड पाणी या सगळ्यांना त्या एका झाकणात जागा द्यावी लागते. व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमशाफ्टवरील उंचवट्याच्या रेट्याने, पण तो मिटवण्याचे आणि मिटलेला ठेवण्याचे काम एकट्या स्प्रिंगचे असते. नैसर्गिक श्वासाच्या इंजिनात, म्हणजे दट्ट्याच्या ओढीनेच हवा आत घेणाऱ्या इंजिनात, मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे असताना ही स्प्रिंग फारशी ताणली जात नाही. त्यामुळे त्या काळात बिघाड होत ते बहुधा पाण्याचे. समुद्राचे पाणी थेट इंजिनातून फिरवले की उष्ण भागावर क्षार साचत, पाण्याची वाट अरुंद होई आणि हेडला तडा जाई.

इंजिनाचा प्रसार सहकारी संस्थांमुळे झाला, कारण एकट्या नाखवाला ती किंमत झेपणारी नव्हती. सातपाटीची सर्वोदय सहकारी सोसायटी आणि तेथीलच मच्छीमार विविध कार्यकारी सोसायटी यांनी बर्फ, डिझेल आणि विक्रीची व्यवस्था उभी केली, आणि १९६३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जांमुळे पुढील दशकांत यांत्रिक नौकांची संख्या वाढत गेली. या व्यवस्थेतून एक रूढी पक्की झाली, जिचा परिणाम आजही जाणवतो: नौकेची ओळख तिच्या इंजिनातील सिलिंडरांच्या संख्येने सांगण्याची. एक सिलिंडर, दोन सिलिंडर, चार सिलिंडर, सहा सिलिंडर हे शब्द बंदरावर नौकेच्या आकाराचे, खलाशांच्या संख्येचे आणि मालकाच्या ऐपतीचेही निदर्शक झाले, आणि शासनानेही डिझेलचा कोटा किंवा नुकसानभरपाई ठरवताना हीच मोजपट्टी स्वीकारली. जोवर सर्व इंजिने नैसर्गिक श्वासाची होती तोवर ती ठीक होती, कारण तेव्हा सिलिंडर वाढल्याशिवाय शक्ती फारशी वाढत नसे.

पुढचा टप्पा मालमोटारीच्या इंजिनांचा. कोल्हापूरच्या ओतशाळांत इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जाऊ लागले, पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, तर चेन्नईच्या अशोक मोटर्सचे १९५५ साली अशोक लेलँड झाले. या साऱ्यांमुळे देशी इंजिन आणि त्याचे सुटे भाग गावोगाव मिळू लागले. लेलँडची ३७० आणि ४०० या आकड्यांनी ओळखली जाणारी सहा सिलिंडरची इंजिने रस्त्यावर सर्वत्र होती आणि समुद्रावरही ती रुळली. ते आकडे घन इंचांतील क्षमतेचे होते. ३७० घन इंच म्हणजे सुमारे ६ लिटर, आणि त्यातून मिळणारी शक्ती शंभराच्या थोडी पुढे. त्या इंजिनाचा मिस्त्री पालघरच्या हमरस्त्यावरही भेटत असे, हीच त्याची किनाऱ्यावरची खरी पात्रता.

परंतु रस्त्यावरचे इंजिन समुद्रात उतरवताना एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. मालमोटार चढ चढते, उतार उतरते, थांबते, रिकामी परतते. तिच्या इंजिनावर पूर्ण भार येतो तो थोडा वेळ. होडीचा पंखा मात्र पाण्यात सतत सारखाच भार देतो आणि वेग वाढवू पाहावा तसा तो भार फार झपाट्याने चढतो. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेरे १० टक्क्यांनी वाढवायचे तर शक्ती सुमारे ३३ टक्के जास्त लागते. बंदरातून निघून जाळ्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत तासन् तास हा भार उतरत नाही, आणि म्हणून जे हेड रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकते तेच समुद्रात लवकर भाजून निघते. दोन व्हॉल्व्हच्या बैठकांमधली लोखंडाची अरुंद पट्टी ही हेडमधील सर्वांत तापणारी जागा. एका बाजूने धुराचा दाह आणि दुसऱ्या बाजूने ताज्या हवेचा थंडावा असे दुहेरी ताण तिच्यावर पडतात आणि पहिली बारीक चीर बहुधा तिथेच उमटते. यावर दोन उपाय रूढ झाले. इंजिनात गोडे पाणी फिरवून ते पाणी समुद्राच्या पाण्याने बाहेरच्या बाहेर थंड करायचे, हा पहिला. आणि बैठकीच्या जागी कठीण मिश्रधातूचे वेगळे कडे ठोकून बसवायचे, हा दुसरा, ज्यामुळे झिजलेले कडे बदलता येते आणि सारे हेड टाकून द्यावे लागत नाही.

टर्बोचार्जर या किनाऱ्यावर आला तो या पार्श्वभूमीवर. कल्पना जुनी आहे: स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले आणि १९२० च्या दशकात ती जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांवर प्रथम यशस्वी झाली. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरवायचे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबायची आणि जास्त हवेच्या बरोबरीने जास्त इंधन जाळायचे, असे हे तंत्र आहे. आणि त्यासाठी लागणारी शक्ती एरवी वाया जाणाऱ्या धुरातून मिळते, हे त्याचे मर्म. भारतीय मालमोटारींत ते सर्रास झाले ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. अशोक लेलँडने १९८० च्या दशकात जपानच्या हिनो मोटर्सशी केलेल्या करारातून जी सहा सिलिंडरची इंजिने आली त्यांच्या टर्बो आवृत्त्या जुन्या ३७० पेक्षा लहान घनफळाच्या असूनही दीडशे अश्वशक्तीच्या पुढे जाऊ लागल्या. मालमोटारीमागोमाग अशी इंजिने होडीतही उतरली. बंदराच्या भाषेत नौका सहा सिलिंडरचीच राहिली, पण तिच्या पोटातील शक्ती बदलली होती, आणि सिलिंडर मोजून शक्ती सांगण्याची जुनी पट्टी त्या दिवसापासून निरुपयोगी झाली.

शक्ती वाढली की हेडवर नेमके काय येते, हे आकड्यांतून अधिक स्पष्ट होते. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात जळणाचा कमाल दाब ८० बार असेल, तर हेडला वर उचलू पाहणारे बल सुमारे साडेसहा टनांचे भरते. टर्बोमुळे तोच दाब १४० बारवर गेला, तर ते ११ टनांच्या पुढे जाते, आणि तेही प्रत्येक सिलिंडरावर, मिनिटाला शेकडो वेळा. हे बल हेडचे बोल्ट पेलतात. म्हणून बोल्ट अधिक कणखर पोलादाचे लागतात, ब्लॉक आणि हेड यांच्यामधली हेड पॅकिंग अनेक पोलादी पत्र्यांची लागते आणि हेडचा खालचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट लागतो. दुसरी अडचण उष्णतेची. हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असलेली हवा दुप्पट दाबाला नेली, तर ती सव्वाशे अंशांच्या आसपास पोहोचते, आणि तशीच आत गेली तर व्हॉल्व्ह व पिस्टन दोन्ही करपतात. या बाबतीत होडी मालमोटारीपेक्षा भाग्यवान, कारण दाबलेली हवा थंड करण्यासाठी समुद्र हाताशी असतो.

पण या साऱ्यात ज्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते, तो भाग म्हणजे व्हॉल्व्ह स्प्रिंग. टर्बो बसवल्यावर हवेच्या मार्गात दाब साठतो आणि तो मिटलेल्या व्हॉल्व्हच्या पाठीवर सतत रेटा देतो. व्हॉल्व्हच्या टाळूचा व्यास ५० मिलिमीटर असेल तर तिचे क्षेत्रफळ साधारण २० चौरस सेंटिमीटर भरते. दीड बार दाबाला तिच्यावर सुमारे ३० किलोंचा भार येतो, आणि तो भार व्हॉल्व्ह उघडण्याच्या दिशेने असतो. जुनी स्प्रिंग व्हॉल्व्हला बैठकीवर ज्या जोराने धरून ठेवत होती, त्यातला मोठा वाटा असा परस्पर खर्ची पडतो. धुराच्या बाजूला स्थिती आणखी बिकट, कारण टर्बाइनच्या अडथळ्यामुळे तिथे साठणारा दाब कित्येकदा आतल्या हवेच्या दाबाहून अधिक असतो. व्हॉल्व्ह पुरता मिटला नाही की त्याच्या कडेतून जळता वायू निसटतो, कड करपते आणि इंजिनाचा दाब जातो. तो वेळेवर मिटला नाही, म्हणजे कॅमचा उंचवटा पुढे सरकला तरी व्हॉल्व्ह मागे रेंगाळला, तर धोका याहून मोठा. डिझेल इंजिनात वर आलेल्या पिस्टनमध्ये आणि हेडमध्ये अंतर जेमतेम उरलेले असते, आणि रेंगाळलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळला की कॅमचा रेटा व्हॉल्व्हकडे नेणारा पुश रॉड वाकतो किंवा व्हॉल्व्हची मान तुटून सिलिंडरात पडते.

उपाय म्हणून नुसती जाड तारेची, ताठर स्प्रिंग बसवली तर कॅम आणि टॅपेट झिजतात, म्हणून अभियंत्यांनी निराळे मार्ग शोधले. एका स्प्रिंगच्या आत उलट्या वेढ्यांची दुसरी स्प्रिंग बसवली की दाब दोघींत वाटला जातो, उलट वेढ्यांमुळे त्या एकमेकींत अडकत नाहीत, आणि एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्हला सिलिंडरात पडू देत नाही. स्प्रिंगला स्वतःचीही एक कंपनगती असते. इंजिनाच्या विशिष्ट फेऱ्यांवर ती गती जुळली की वेढ्यांतून लहर धावू लागते आणि स्प्रिंगचा जोर क्षणभर हरपतो. दोन स्प्रिंगांच्या कंपनगती भिन्न असल्याने ही लहर दबते, आणि वेढ्यांमधले अंतर असमान ठेवल्यानेही तोच परिणाम साधतो. तारेचे पोलादही बदलत गेले: साध्या कार्बन पोलादाकडून क्रोम-व्हॅनेडियमकडे आणि पुढे क्रोम-सिलिकॉनकडे, जे तापल्यावरही आपला ताण फारसा सोडत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतील मोटार उद्योगाने तयार स्प्रिंगवर बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा करण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे तारेचा पृष्ठभाग दाबला जाऊन घट्ट होतो आणि चीर सुरू होण्यास अटकाव होतो. एवढा खटाटोप कशासाठी, हे गणिताने कळते. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५,००० वेळा उघडतो; दिवसाला दहा तास आणि हंगामात दोनशे दिवस धरले तर ही संख्या ९ कोटींवर जाते. तारेवर नखाच्या टोकाएवढा ओरखडा असला, तरी इतक्या आवर्तनांत तो तुटण्याचे निमित्त होऊ शकतो.

किनाऱ्यावर या गोष्टींचा निवाडा पावसाळ्यात होतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीकाळात होड्या ओढून शाकारल्या जातात आणि इंजिनाची हेडे उतरवली जातात. बोल्ट कडेकडून मध्याकडे सैल करायचे, आणि बसवताना मध्याकडून कडेकडे, ठरल्या टप्प्यांत आवळायचे, हा पहिला नियम. तो मोडला की हेड वाकते. हेड फळीवर आडवे ठेवून तरफेने स्प्रिंग दाबतात, वरच्या टोपीतली दोन अर्धी लॉक चिमट्याने काढतात आणि व्हॉल्व्ह खालून सरकवून घेतात. मग सर्व स्प्रिंगा सपाट काचेवर ओळीने उभ्या केल्या जातात. नव्या स्प्रिंगशी ताडून पाहता जी एक-दोन मिलिमीटर खुजी दिसते, किंवा गुण्याला लावली असता तिरपी वाटते, ती थकलेली. व्हॉल्व्हची कड आणि बैठक कार्बोरंडमच्या लेपाने एकमेकांवर घासून दोन्हींवर सारख्या रुंदीची करडी रेघ उमटवतात, व्हॉल्व्ह परत बसवतात आणि हवेच्या मार्गात रॉकेल ओतून ठेवतात; काही वेळाने बैठकीच्या कडेला ओल दिसली तर काम पुन्हा करायचे. ही परीक्षा जुनी आहे आणि तिच्याहून भरवशाची परीक्षा लहान कार्यशाळेत क्वचितच होते.

याच कार्यशाळांत काटकसरीपोटी एक घातक उपायही चालतो. थकलेली स्प्रिंग बदलण्याऐवजी तिच्याखाली वायसर घालून ती उंच केली की ती ताठ भासते आणि तात्पुरते काम निभावते. परंतु पूर्ण दाबाच्या क्षणी तिचे वेढे एकमेकांना भिडू लागतात, आणि मग कॅमचा सारा रेटा रॉकर व पुश रॉडवर येतो. इंधनपंपाचा स्क्रू वाढवून शक्ती वाढवणे हा त्याच जातीचा दुसरा उपाय. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर आणि तापलेले हेड. शक्ती वाढवायची तर क्रम उलटा हवा: आधी हेड, बोल्ट, पॅकिंग, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग, मग हवा, आणि सर्वांत शेवटी इंधन.

हा क्रम मोठ्या प्रमाणावर कसा पाळला जातो याची दोन उदाहरणे जिल्ह्याच्या आसपासच आहेत. १८६४ साली मुंबईपर्यंत पोहोचलेला आणि पालघर, बोईसर, डहाणूतून जाणारा लोहमार्ग आज विजेवर चालतो, परंतु देशभर डिझेल गाड्यांची धुरा दीर्घकाळ वाहिली ती डब्ल्यूडीएम-२ या इंजिनाने. सोळा सिलिंडरच्या त्याच टर्बो रचनेतून रेल्वेने मूळच्या २६०० अश्वशक्तीवरून ३१०० आणि पुढे ३३०० अश्वशक्ती मिळवली, आणि ती मिळवताना टर्बोचार्जर, हवा थंड करणारा शीतक, कॅमशाफ्ट व पिस्टन या साऱ्यांत बदल केले. दुसरे उदाहरण तारापूरच्या अणुवीज केंद्राचे. १९६९ साली सुरू झालेल्या या केंद्रात बाहेरचा वीजपुरवठा तुटल्यास अणुभट्टी थंड ठेवणारे पंप चालवण्याची जबाबदारी आपत्कालीन डिझेल जनित्रांवर असते, आणि पहिल्या दोन भट्ट्यांच्या २००५-०६ मधील नूतनीकरणात जुन्या जनित्रांच्या जागी अधिक क्षमतेची जनित्रे बसवण्यात आली. महिनोन् महिने उभे राहून क्षणात पूर्ण भार उचलणाऱ्या अशा इंजिनात बैठकीवर न बसणारा एकही व्हॉल्व्ह चालत नाही. घिवली, उच्छेळी, दांडीच्या होड्या याच केंद्राच्या आसपासच्या पाण्यातून ये-जा करतात.

बोईसरला लागून उभ्या राहिलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीचा या इतिहासाशी असलेला संबंध दुहेरी आहे. रसायने, औषधे आणि कापड यांच्या जोडीला तिथे पोलाद व पोलादी तारेचे कारखाने आले, आणि तार ओढणे म्हणजे काय, तिचे तापमान आणि ताण कसे राखायचे, हे जाणणारे कामगार या भागात तयार झाले. त्याचबरोबर कारखान्यांच्या देखभालीसाठी लेथ, मिलिंग आणि पृष्ठभाग घासून सपाट करणारी यंत्रे आली. हेडचा पृष्ठभाग सपाट करून घेणे, व्हॉल्व्हचे नवे गाईड ठोकणे, बैठकीचे कडे कापून बसवणे या कामांसाठी लागणारी साधने किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर असणे, ही सातपाटी-मुरब्याच्या होड्यांसाठी लहान गोष्ट नव्हती. मात्र याच वसाहतीच्या सांडपाण्याने खाड्यांचे जे नुकसान केले तेही या हिशेबात धरावे लागते. जवळचा मासा हटला की होडी दूर जाते, आणि दूर जाणाऱ्या होडीला मोठे इंजिन लागते.

मोठ्या इंजिनाची ही ओढ एकट्या वसाहतीमुळे निर्माण झाली नाही. बोंबलासाठी डोल जाळी लावण्याच्या ठरलेल्या जागांवरून, म्हणजे कवींवरून, सातपाटी-डहाणूकडील आणि वसई-उत्तनकडील मच्छीमारांत जो दीर्घकाळचा वाद आहे, त्यातही दूरवर लवकर पोहोचणाऱ्या नौकांचा वाटा आहे. पापलेट कमी होत गेले तसे जाळे आणखी खोल पाण्यात गेले. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा. पण इंजिनाच्या शक्तीला प्रत्यक्ष लगाम लावला तो डिझेलवरील कराच्या परताव्याने, कारण तो १२० अश्वशक्तीपर्यंतच्या नौकांपुरता ठेवण्यात आला होता. ही मर्यादा जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला बरोबर बसणारी आणि टर्बोच्या इंजिनाला बाहेर ठेवणारी होती. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात ती अट काढून टाकण्याची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा दर्जाही मिळाला.

अट निघाल्याने मच्छीमारांवरचा अन्याय दूर झाला हे खरे, पण त्यामुळे जास्त शक्ती म्हणजे जास्त वेग असा जो समज बळावतो तो तपासून पाहणे अगत्याचे आहे. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या जलरेषेच्या लांबीने बांधलेला असतो. फुटांतील लांबीच्या वर्गमूळाला १.३४ ने गुणले की सागरी मैलांतील तो वेग मिळतो. ४५ फुटांच्या होडीसाठी तो ताशी सुमारे ९ सागरी मैल येतो. त्यापुढे ओतलेली प्रत्येक अश्वशक्ती होडीला पुढे नेण्याऐवजी नाळेपुढची लाट उंच करते. सातपाटीच्या रुंद पोटाच्या बांधणीला हा नियम पुरेपूर लागू पडतो. टर्बोचा खरा उपयोग आहे तो ओहोटीच्या उलट प्रवाहात, भरल्या होडीने, वाऱ्याच्या तोंडावर परतताना. तिथे राखीव शक्ती माणसे वाचवते. पण ती शक्ती राखीव म्हणूनच वापरली पाहिजे, आणि तिच्यासाठी हेड व स्प्रिंग आधीपासून सज्ज पाहिजेत. दोनशे अश्वशक्तीचे इंजिन अर्ध्या भारावर चालवणारा तांडेल शंभराचे इंजिन दिवसभर पिळणाऱ्यापेक्षा हेड जास्त काळ टिकवतो.

नौकेच्या नोंदीत आज इंजिनाची शक्ती आणि सिलिंडरांची संख्या लिहिली जाते. हेड कधी उतरवले, कडी कधी बदलली, स्प्रिंगा कोणत्या हंगामात नव्या घातल्या, यांची नोंद असते ती कार्यशाळांच्या तेलकट वह्यांत आणि सोसायट्यांच्या जुन्या खतावण्यांत. मुरबे, सातपाटी, दांडी आणि डहाणू येथील संस्थांनी व मिस्त्रींनी या वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत, आणि पालघरच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या व यंत्रअभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्या एकत्र बसून वाचाव्यात.